बेचाळिसावं वासरू

आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली कुणी विचारायला नको. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि अजूनही पुरता नाही. रांजणगाव एमआयडीसीत क्वालिटी डिपार्टमेंटला नऊ वर्षं काढली आहेत मी. पार्ट रिजेक्ट झाला की तो का झाला हे शोधेपर्यंत आम्हाला घरी सोडत नाहीत. 'माहीत नाही' असं लिहायला आमच्या फॉर्मवर रकानाच नाही. तरी हा अनुभव इथं लिहितेय, कारण गेमच्या फोरमवर टाकला तेव्हा तिथल्या लोकांनी मला ड्रायव्हर अपडेट करायला सांगितलं...

आणखी एक. वाचताना माझा राग येईल. येऊ द्या. मला माझ्या सख्ख्या बहिणीचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, जेवण गोड लागू नये इतका. हे लपवलं तर पुढचं काहीच सांगता येणार नाही.

मी कारेगावात राहते. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खाली हार्डवेअरचं दुकान, समोर कंपन्यांच्या बस थांबतात. माहेर वडगाव रासाई, शिरूर तालुक्यातच, भीमेच्या काठाला. ताई – अलका – माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. ती दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहते, दाजी तिथंच नोकरीला आहेत. आम्हाला भाऊ नाही. आई मी बारावीत असताना गेली. राहिले आप्पा, आणि आप्पांवर हक्क सांगणाऱ्या आम्ही दोघी.

आप्पा म्हणजे जनावरातला माणूस. आसपासच्या गावांत कुणाला गाय घ्यायची झाली की आप्पांना बाजाराला घेऊन जायचे. आप्पा आधी कपाळ बघायचे. कपाळावरच्या केसांचा भोवरा एकच आहे का, मधोमध आहे का, डावीउजवीकडं सरकलाय का. मधोमध असेल ते जनावर सगळ्यात गुणी म्हणायचे, आणि त्यावरून त्याचा सगळा स्वभाव सांगायचे. मला काही ते पटायचं नाही, पण बाजारातली माणसं कान देऊन ऐकायची.

आमच्याकडं लेकीला लग्नात आंदण म्हणून कालवड द्यायचे. आता कुणी देत नाही फारसं, पण आप्पांनी ताईला दिली. या आंदणाची आमच्या घरात एक रीत होती. लेकीसाठी राखलेल्या कालवडीला बापानं नाव ठेवायचं नाही. गोठ्यातल्या बाकी सगळ्यांना नावं, हिला नाही. हिला नुसतं 'ए' म्हणायचं. लेक तिला सासरच्या दारात नेणार, खुरांवर पाणी घालणार, हळदीकुंकू लावणार आणि तिच्या कानात पहिल्यांदा नाव सांगणार. तोवर ती बिननावाची.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. त्या कालवडीवर माझा भारी जीव. तिच्या कपाळावरचा भोवरा जरासा डावीकडं होता, मी तिथं बोट ठेवून उभी राहायचे. गुपचूप तिला हरणी म्हणायचे. एकदा आप्पांनी ऐकलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पाठीत धपाटा घातला. "तिला नाव घ्यायचं न्हाई. ती ताईची हाय." ताईनं सासरी जाऊन तिचं नाव चंद्री ठेवलं. मी ते नाव कधी तोंडातून काढलं नाही. इतकी मी खुनशी.

माझं लग्न झालं तेव्हा कारेगावच्या दुसऱ्या मजल्यावर कालवड बांधायची कुठं? गॅलरीत? मला फ्रीज मिळाला. आप्पा मांडवातच मला घरातल्या नेहमीच्या हाकेनं म्हणाले, "सुने, तुजं आंदण माझ्याकडं ऱ्हायलं. जागा झाली की सांग." जागा काही झाली नाही. मग आप्पा पडले, खुब्याचं हाड मोडलं, गोठ्यातली जनावरं एकेक करून गेली आणि तो विषयच संपला. फ्रीज अजून चालू आहे, तक्रार नाही. पण फ्रीजच्या कानात नाव सांगता येत नाही ना...

आता गेमचं. नाव मुद्दाम देत नाही. कॉम्प्युटरवरचा, परदेशी, जनावरं वाढवायचा गेम आहे. चार पायांची, लोकरी अंगाची, आखूड शिंगांची, जगात कुठंच नसलेली जनावरं. नर-मादीची जोडी आपण लावायची, मग पिल्लू होतं, आणि आईबापाचा रंग, उंची, शिंगं त्याच्यात उतरतात. प्रत्येक पिल्लाला ओळीनं नंबर मिळतो. जोडी आपण हातानं लावल्याशिवाय पिल्लू होत नाही. मी शिफ्टवरून आले की एकटीच खेळत बसायचे.

खुब्याच्या ऑपरेशननंतर आप्पा पंधरा दिवस माझ्याकडं होते. पहिल्याच दिवशी खांद्यामागून आवाज आला, "ह्यो काळा त्या तांबडीला कशापायी लावतीस? खांदं बघ की त्येचं, पडकं हायती."

"आप्पा, हा गेम आहे. खोटी जनावरं आहेत."

"खोटी आसली म्हणून काय झालं? निपज वाईटच व्हणार."

आणि खरंच झाली! मग मी त्यांच्या सांगण्यानं जोड्या लावायला लागले आणि माझा कळप सुधारला. पंधरा दिवस माउसवर मी आणि पाठीशी आप्पा. लग्नानंतरचे माझे सगळ्यात सुखाचे पंधरा दिवस. हे वाक्य आमच्या ह्यांना वाचायला देणार नाही.

पण दोन जिने आप्पांना झेपेनात. ताईचं क्वार्टर तळमजल्यावर, ती दिवसभर घरात. आप्पा दौंडला गेले. आठवड्यानं ताईचा फोन आला, "सुने, आप्पास्नी करमंना. तुजा त्यो गोठा हितं लावून दे की." गेमला घरात सगळे गोठाच म्हणायला लागले होते. दिला लावून. माझा कॉम्प्युटर गेला, माझा गेम गेला, बाप तर आधीच गेला होता. आणि माउसवर हात आला ताईचा, जिला तोवर कॉम्प्युटर पुसून ठेवायचा असतो एवढंच माहीत होतं.

मला फोन कधी यायचा? गोठा उघडला नाही की. एकदा अँटीव्हायरसनं गेमची मुख्य फाइलच व्हायरस समजून कोंडून ठेवली, ती मी फोनवरून सोडवली. एकदा अपडेटनंतर सगळी जनावरं जांभळी दिसायला लागली. आप्पा म्हणाले, साथ आली. मी ड्रायव्हर जुना टाकायला लावला तेव्हा साथ हटली. सगळ्यात कहर म्हणजे ताईनं आप्पांसाठी कॉम्प्युटरवर वेगळं खातं उघडलं आणि त्याला मराठीत 'आप्पा' असं नाव दिलं. गेमला मराठी अक्षरांचा फोल्डर वाचता येईना, म्हणून तो उघडेचना. मी लंच सोडून दीड तास फोनवर. शेवटी इंग्रजी नावाचं खातं काढायला लावलं, गेम चालू झाला, आणि मागून आप्पांचा आवाज ऐकू आला, "आलके, तुज्या हाताला गुण हाय बघ!"

ताईच्या हाताला! त्या दिवशी मी चांगले चार पार्ट उगाच रिजेक्ट केले.

आप्पांच्या दोन तक्रारी कायम होत्या. पिल्लू जन्मलं की गेम स्वतःच नावाच्या चौकटीत एक इंग्रजी नाव भरून ठेवायचा. ते पुसून ताई आप्पांनी सांगितलेलं नाव भरायची, ढवळी, मैना, राजा असं. चौकट रिकामी ठेवली तर पुढचं बटण दाबलंच जात नाही, हे लक्षात ठेवा. दुसरी तक्रार भोवऱ्याची. "समदं हाय, पर भोवरा न्हाई. भोवऱ्याबिगर जनावर वळखायचं कसं?" मी त्यांच्यासाठी गेमच्या फोरमवर इंग्रजीत लिहिलंसुद्धा, की कपाळावर केसांचा भोवरा द्या. दोघांनी हसरे चेहरे टाकले, बाकी कुणी विचारलं नाही.

त्या कळपात एक चंद्री होती. ताईच्या गाईच्या नावाची, कळपातली सगळ्यात देखणी. माझ्या आठवणीचं एक शेपूटसुद्धा नव्हतं.

गेल्या थंडीत आप्पा गेले. दौंडलाच, झोपेत. वडगावला आणलं, पुढचं सगळं तिथंच केलं. ताईनं क्वार्टर बंद करताना कॉम्प्युटरची वायर भिंतीतून काढली, त्याच्यावर चादर टाकली, कुलूप लावलं आणि घरातले सगळे वडगावला आले. तेरावा होईपर्यंत क्वार्टरमध्ये कुणीही गेलं नाही. किल्ली ताईच्या कमरेला होती, ती मी रोज बघत होते.

तेराव्याला पंगती उठल्यावर आम्ही दोघी रिकाम्या गोठ्यात भांडी आवरत होतो. ताई सहज म्हणाली, "आप्पांचं घड्याळ ह्यांच्या हातात घालावं म्हंते." बास. तेरा दिवस दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं.

"घाल ना! गाय तुला, आप्पा तुझ्याकडं, कॉम्प्युटर माझा तर तोही तुझ्याकडं. आता घड्याळपण तुमच्यातच. मला काय दिलं आप्पांनी? सांग की ताई, मला काय दिलं?"

ताई नुसती बघत राहिली. तिचे ओठ हलले. तेवढ्यात माझा फोन वाजला. कंपनीतून होता, कसलासा रिपोर्ट कुणाला सापडत नव्हता. बोलून वळले तर ताई तिथं नव्हती. तो कॉल अजून माझ्या मोबाइलच्या यादीत आहे. दोन वाजून चौदा मिनिटं.

त्यानंतर दीड महिना आम्ही बोललो नाही. मग एक दिवस ताईचा फोन आला.

"सुने, गोठा उघडना गं."

"मग ठेव बंद."

"आसं नगं बोलूस. आप्पांची जनावरं हायती त्येच्यात." आणि ती रडायला लागली.

रविवारी सकाळी निघालो. न्हावरा, चौफुला, पाटस करत अकराच्या सुमारास दौंडला पोहोचलो. आमचे हे आणि दाजी गाडीचं काम करून येतो म्हणून बाहेर पडले. घरात आम्ही दोघीच. ताई स्वयंपाकघरात माझ्यासाठी शेंगोळी करायला लागली आणि मी कॉम्प्युटरसमोर बसले. शेजारी आप्पांची खुर्ची तशीच होती, तिच्यावर त्यांची घडी घातलेली शाल.

ताईनं परवा चादर काढून मशीन चालू केलं होतं. इंटरनेट मिळाल्याबरोबर गेमनं अपडेट घेतलं आणि तेव्हापासून हा प्रकार. गेमचा लोगो यायचा, पळभर काळा पडदा, की परत डेस्कटॉप. कसला मेसेज नाही, काही नाही. मी सगळं रीतसर तपासलं. अँटीव्हायरसनं काही उचललं नव्हतं. फोल्डर ठीक, ड्रायव्हर ठीक. कॉम्प्युटरचं घड्याळसुद्धा बघितलं, कारण जुन्या मशीनची वायर काढून ठेवली की कधीकधी वेळ मागं जाते. बरोबर होतं, मिनिटाचाही फरक नव्हता. मग लॉग उघडला. लॉग म्हणजे गेम चालताना काय काय करतोय ते स्वतःच लिहून ठेवतो ती फाइल. शेवटची ओळ इंग्रजीत होती. अर्थ असा, की जनावर क्रमांक ४२ चं नाव रिकामं आहे, पुढं जाता येत नाही. नव्या अपडेटनं प्रत्येक जनावराचं नाव तपासायला घेतलं होतं आणि ते या एकापाशी येऊन अडकत होतं.

कळपाची फाइल साधी असते, नोटपॅडमध्ये उघडते. एक ते एक्केचाळीस सगळी आप्पांनी ठेवलेली नावं. बेचाळीस – मादी. आई चंद्री. बाप राजा. नाव... काहीच नाही.

तुम्ही म्हणाल, बाई, वर आंदणाचं एवढं सांगितलंस, आणि तुझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही? नाही पडला. मला त्या ओळींत एकच शब्द दिसला, चंद्री. म्हणजे चंद्रीला आणखी एक झालं. म्हणजे आप्पा गेल्यावरसुद्धा ताईचाच गोठा वाढतोय! ताईनं मागं कधीतरी जोडी लावली असणार आणि काहीतरी घोळ घालून नाव भरलं नसणार, असं मी धरून चालले.

कंपनीत आमचा नियम आहे. काहीही बदलायच्या आधी जुन्याची कॉपी काढायची. नवीन पोरींना मी हे पहिल्या दिवशी शिकवते. त्या दिवशी मी कॉपी काढली नाही. फोरमवर टाकायला म्हणून मोबाइलवर स्क्रीनचा एक फोटो तेवढा घेतला. मग बेचाळीस नंबरच्या सगळ्या ओळी निवडल्या आणि डिलीट दाबलं. सेव्ह केलं. फाइल बंद केली. बरं वाटलं हो. खोटं कशाला बोलू, ताईचं एक तरी कमी केलं म्हणून गार वाटलं.

गेम उघडला. ताई पिठाच्या हातानंच धावत आली. कुरणात सगळा कळप चरत होता. ती आप्पांच्या खुर्चीच्या कडेला टेकली आणि एकेकाला हाक मारत सुटली. हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग माझ्याकडं वळली.

"सुने, तुला येक सांगायचं हाय. तेराव्याला तू इचारलंस ना, मला काय दिलं म्हणून. तवाच सांगाय पायजे हुतं मी. जीभ उचलली न्हाई."

"काय?"

"आप्पा जायच्या आठ-धा दिस आदी मला म्हणलं, आलके, चंद्रीला राजा लाव. धाकलीचं आंदण ऱ्हायलंय. कालवड झाली की तिला नाव घालू नगंस, धाकली नेईल आन् धाकलीच ठेवील. मी म्हणलं, उद्या लावते. रोज इचारायचं, रोज म्हणलं उद्या." तिनं पदरानं नाक पुसलं. "लावलीच न्हाई."

"का गं?"

"का म्हंजी? समदं उठबस मी करायची, रातीचं उठून मी बघायची. आन् त्येंच्या तोंडात सारकं तुजं नाव. धाकलीला फोन लाव, तिला समदं येतं. धाकली आसती तर ह्ये बिघडलंच नसतं. रोज, सुने, रोज! मला तुजा लई हेवा वाटायचा. म्हणून न्हाई दाबलं बटन. मरणाऱ्या मानसाचं येवढंसं काम, त्ये बी न्हाई केलं."

मला आधी ते नीट कळलंच नाही. माझा हेवा? माझा? जन्मभर मी जिच्यावर जळत आले, ती दौंडला बसून माझ्यावर जळत होती.

मग माझ्या लक्षात दुसरं आलं.

"पण ताई, नंतर लावलीस ना जोडी? बेचाळीस नंबरचं झालं ते?"

"कुठलं बेचाळीस? येक्केचाळीसच हायती. मी काय जोडी-बिडी लावली न्हाई. चादरच परवा काढली, आन् तवाधरनं उघडतंय कुठं?"

मी मोबाइल काढला. फोटोत बेचाळीस नंबरच्या ओळी स्पष्ट होत्या. आई, बाप, रिकामं नाव, आणि त्याखाली जन्माची तारीख आणि वेळ, जी मी डिलीट दाबताना वाचलीच नव्हती. तारीख तेराव्याची होती. वेळ १४:१४.

मी तो फोटो ताईच्या मोबाइलवर पाठवला, माझ्या मोबाइलवर कॉलची यादी उघडली आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून परत परत बघितलं. तीच तारीख, तेच मिनिट. त्या वेळी या मशीनची वायर भिंतीतून काढलेली होती, घराला कुलूप होतं, किल्ली ताईच्या कमरेला होती, आणि आम्ही दोघी वडगावच्या रिकाम्या गोठ्यात उभ्या होतो. मी ओरडत होते, मला काय दिलं.

"ताई... ती मी पुसून टाकली."

मला वाटलं ती मारेल. मारायला हवं होतं. ती नुसती म्हणाली, "आण परत." मी प्रयत्न केले. फोटोत बघून ओळी पुन्हा टाइप केल्या, पण रंगरूपाची लांबलचक ओळ स्क्रीनच्या कडेला कापली गेली होती. अर्धवट नोंद गेम वगळूनच टाकायचा, म्हणून तो उघडायचा, ती मात्र कळपात नसायची. मग ताईनं स्वतःच्या हातानं चंद्री-राजाची जोडी लावली. पिल्लू झालं, नर. चौकटीत गेमनं इंग्रजी नाव भरून ठेवलं होतं. ते पुसलं तर बटण दाबलं जाईना. आणि त्याचा नंबर आला त्रेचाळीस. बेचाळीस सुटला होता.

शेंगोळी निवून गेली. कुणाला घास जाईना. निघताना ताईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "आंदण नेलं की बापाच्या दावणीला येक खुटा मोकळा ऱ्हातो. तसंच समज. तू नेलंस." ती माझी समजूत काढत होती. मला ते कळत होतं, आणि त्यानं जास्तच रडू येत होतं.

पुढच्या सुट्टीला, सकाळी साडेनऊच्या सुमारास, मी नंतर घेतलेल्या माझ्या लॅपटॉपवर गेम नव्यानं उतरवून घेतला. का, सांगता येणार नाही. नव्या कळपात एक नर-मादी घेऊन पुन्हा सुरुवात करावी, निदान आपली एक कालवड तरी करावी, असं काहीसं डोक्यात होतं. या लॅपटॉपवर हा गेम याआधी कधीच नव्हता. लोगो आला. काळा पडदा आला. परत डेस्कटॉप.

लॉग उघडला. शेवटची ओळ तीच. जनावर क्रमांक ४२, नाव रिकामं.

नव्या कळपाच्या फाइलमध्ये दोन जनावरं असायला हवीत, एक आणि दोन नंबरची. तिथं एकच होतं. मादी. आई चंद्री, बाप राजा, जन्म तेराव्याचा, चौदा-चौदा. खाली रंगरूपाची ती लांब ओळ, पूर्ण.

पेनड्राइव्ह मी दौंडला नेलाच नव्हता. कळप इंटरनेटवर ठेवायची सोय त्या गेममध्ये नाही. ताईकडून तिची फाइल मागवून बघितली, त्यात बेचाळीस नव्हतं. आणि माझ्या फोटोत तर ती ओळ अर्धीच होती. ज्यांना शंका असेल त्यांनी खुशाल विचारा. मी स्वतःला आधीच सगळं विचारून झालंय.

या वेळी आधी कॉपी काढली. एक नाही, दोन. मग मी उठले, तांब्या भरून घेतला. लॅपटॉपवर पाणी घालता येत नाही, म्हणून उंबऱ्यावर घातलं. लॅपटॉपच्या कोपऱ्याला हळदीकुंकू लावलं. हसा, आमचे हेसुद्धा तोंडात ब्रश धरून बघत उभे होते. मी लॅपटॉपच्या स्पीकरच्या जाळीशी तोंड नेलं आणि नऊ वर्षांची असल्यापासून माझ्याकडं राहिलेलं नाव हळूच सांगितलं. मग फाइलमधल्या रिकाम्या जागी ते टाइप केलं. हरणी.

गेम उघडला. हिरव्या कुरणात ती एकटीच उभी होती. रंग चंद्रीचा, पाय राजाचे. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं, आणि तिच्या कपाळावर मधोमध केसांचा एक भोवरा होता.

त्या अपडेटच्या यादीत भोवऱ्याचा उल्लेख नाही. मी ती तीनदा वाचली. फोरमवर विचारलं, जगात कुणाच्याच जनावराला भोवरा नाही. तिथल्या एकानं फोटो बघून लिहिलं, छान एडिट केलंय. ड्रायव्हरचा सल्ला त्याच्या खालीच आहे. क्वालिटीवाली बाई म्हणून मी कारणांचा कागद मांडून बसले होते. बंद मशीनमध्ये जन्म कसा, रिकामं नाव कसं, दौंडहून कारेगावात आली कशी, भोवरा कुठून. चारही ओळींपुढची जागा अजून कोरी आहे. कुणाला काही सुचलं तर लिहा, मी मनापासून वाचेन.

हरणीचा फोटो मी ताईला लगेच पाठवला होता. तिनं बघितल्याच्या निळ्या खुणा आल्या. दुपारी तिचा फोन आला.

"नाव काय ठिवलंस?"

"हरणी."

"बरं हाय."

मला वाटलं, आता ती रडणार. पण ताईचा आवाज आला तो चांगलाच कडक होता.

"माज्या चंद्रीचा भोवरा डाव्या अंगाला सरकल्याला हुता, म्हाईतीय ना तुला? तुला मातूर बराबर मधी बघून दिली आप्पांनी!"

आणि तिनं फोन आपटला.